वत्सलाताईंची खोडलेली सही

लाल शाईचं पेन मी आयुष्यात एकदाच विकत घेतलं आणि त्यानं एका बाईचं नाव खोडलं. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, आता चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. मधल्या काळात गुडघे गेले, दाढा गेल्या, आमचे हे गेले, पण तो मूर्खपणा काही जायला तयार नाही. माझी नात म्हणते, आजी, तू स्वतःच्या तरुणपणाची एवढी टिंगल करतेस, कारण ती बिचारी उत्तर द्यायला येणार नाही हे तुला माहीत आहे. खरं आहे. आली तरी मी तिला बोलू देणार नाही. ती फार बोलायची, सगळा घोटाळा तिथूनच झाला.

खोडलं ते नाव वत्सलाताई दिघे यांचं. उंच, सावळ्या, सुती पातळाच्या निऱ्या अशा कडक की वाटावं पातळ भिंतीला टेकवून ठेवलं तरी उभं राहील. मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. समोरचं माणूस बोलू लागलं की त्या डोळे मिटून घेत. नवख्याला वाटे, बाईंना झोप लागली. तुमचं बोलून झालं की डोळे उघडायचे आणि असा एकच प्रश्न यायचा, की आपण अर्धं बोललोच नसतो तर बरं झालं असतं असं वाटायचं.

आमचे हे कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले आणि मी पुण्याहून भोपाळला वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये आले. येताना पुण्याची भाषा बरोबर आणली होती आणि ती इथल्या मराठी मंडळींना वाटून टाकायचा माझा विचार होता. वत्सलाताई ग्वाल्हेरच्या, त्यांचे यजमान दिघेसाहेबही याच कारखान्यात. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मुरलेली, की कुठलं काय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या म्हणायच्या, "मी आत्ताच कॉलेजातून येऊन राहिले, जरा फुरसत मिळाली की बघते." मी लगेच सुधारायची, येऊन राहिले नाही, येते आहे. एकदा त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुला समजलं ना, कुंदे? मग भाषेचं काम झालं. बाकीची इस्त्री." त्यानंतर मी त्यांच्यासमोर गप्प बसू लागले. घरी येऊन मात्र ह्यांना सुधारायची.

आमच्या महिला मंडळाला वसाहतीत एक हॉल मिळाला होता. हॉल म्हणायचं आपलं. पत्र्याची एक लांबट खोली, एक फळा, हळदीकुंकवाच्या सतरंज्या. त्या खोलीत आठवड्यातून तीन दुपारी वत्सलाताई क्लास घ्यायच्या. लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या आम्ही सहा बायका, प्रायव्हेट बसून बी.ए. करणार होतो. माझ्या शेजारी कमल बसायची. तिचा नवरा टेक्निशियन, घरी तीन मुलं, तरी इतिहासात सगळ्यांत हुशार तीच. मी सर्वांत आधी वही मिटायची. वत्सलाताई माझ्या वहीवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तसल्लीनं वाच. जे झालंय ते शेकडो वर्षांपूर्वी झालंय, तुला कोणती गाडी पकडायची आहे?"

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडायची. वटपौर्णिमेला त्या वडाला दोन सूत गुंडाळायच्या. इथल्या हिंदी बायका वड अमावास्येला पुजतात, त्यामुळे पौर्णिमेला झाड सगळं आम्हा मराठी बायकांचं. बाकीच्या सात फेऱ्या मारून घराकडे वळायच्या, वत्सलाताई पुन्हा नवी गुंडी काढून आणखी सात फेऱ्या घालायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, एक माझं, एक उज्जैनच्या ताईंचं. त्यांना दमा आहे, घराबाहेर पडवत नाही. मी ठरवून टाकलं की ताई म्हणजे थोरली जाऊ. नुसतं ठरवलं नाही, मंडळाच्या पुढच्या सभेत उभी राहून जावाजावांच्या प्रेमाचा आदर्श म्हणून पाच मिनिटं भाषण ठोकलं. वत्सलाताई डोळे मिटून ऐकत होत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी प्रश्न विचारला नाही.

दर दोन महिन्यांनी मंडळात कुणीतरी काहीतरी सांगायचं, अशी पद्धत होती. लोणची, विणकाम, बाळाची दृष्ट, असले विषय. वत्सलाताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या बायकांबद्दल सांगितलं. आम्ही नावही ऐकलेलं नव्हतं. त्या पंथात पुरुषांनी अनेक बायका करायची चाल पडली, पण सुरुवातीला ते सगळं गुपचूप. पंथ स्थापणाऱ्याच्या पहिल्या बायकोनं बायकांचं एक मंडळ काढलं होतं. "आपल्यासारखंच," वत्सलाताई म्हणाल्या, "गरिबांना कपडे शिवून द्यायचे, आजाऱ्याला भेटायचं." बाहेर कुजबुज वाढली तशी त्या मंडळातल्या बायकांनी एक कागद केला, की असली चाल आमच्यात नाही. सह्या केल्या. आणि सही करणाऱ्यांत अशीही बाई होती जिचं स्वतःचं लग्न त्या अध्यक्षबाईंच्या नवऱ्याशी लागलेलं होतं. दोघींची नावं एकाच कागदावर.

पुढे ते लोक दूर वाळवंटात राहायला गेले आणि उघडपणे अनेक बायका करू लागले. मग देशभरच्या बायका त्यांना सोडवायला निघाल्या. तर या बायकांनीच मोठमोठ्या सभा भरवल्या आणि सांगितलं, आमच्या वतीनं तुम्ही बोलू नका. त्यांना मतदानाचा हक्क देशातल्या बहुतेक बायकांच्या आधी मिळाला होता. पुरुषांची ती चाल मोडायची म्हणून सरकारनं जो कायदा केला, त्यात बायकांचा हक्कही काढून घेतला.

कुणीतरी विचारलं, म्हणजे त्या बायका बरोबर की चूक? वत्सलाताई म्हणाल्या, "मला वीस वर्षं झाली वाचून, अजून माझं ठरलेलं नाही. तुमचं आज संध्याकाळी ठरलं तर मला कळवा."

माझं तिथल्या तिथे ठरलं होतं. त्या सगळ्या हकिकतीतून माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, की बायकांनी मंडळ काढावं, कागद करावा आणि सह्या घ्याव्यात. तो कागद खोटा होता, हे डोक्याच्या वरून गेलं.

चार महिन्यांनी वसाहतीत एक प्रकरण उठलं. कारखान्यातल्या एका फोरमननं बायको असताना दुसरी केली आणि तिला क्वार्टरमध्ये आणून ठेवली. पहिली बायको तीन गल्ल्या पलीकडे आपल्या भावाकडे राहायला गेली. कारखान्याच्या नियमात दुसऱ्या लग्नाला मनाई होती, नोकरी जाण्याइतकी. मी मंडळाची सेक्रेटरी. मला वाटलं, आजवरचा माझा जन्म याच दिवसासाठी झाला आहे. बसून निवेदन लिहिलं. फोरमनला काढून टाका, हे तर होतंच, पण मला तेवढ्यानं भागेना. मी वरती एक वाक्य घातलं, की आम्ही खाली सही करणाऱ्या आपापल्या पतीच्या एकमेव धर्मपत्नी आहोत आणि दुसरेपणाच्या संसाराला आमच्यात थारा नाही. त्या वाक्यावर मी इतकी खूष होते की ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

दारोदार फिरून सह्या घेतल्या. वत्सलाताईंकडे गेले तेव्हा त्या मटार सोलत होत्या. कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

"हे वरचं वाक्य कोणी लिहिलं?"

मी अभिमानानं म्हटलं, मी.

"फोरमनच्या बायकोला भेटलीस?"

भेटायची गरज काय, मी म्हटलं, अन्याय तर डोळ्यांना दिसतोय. आणि तुम्हीच नाही का सांगितलंत, त्या तिकडच्या बायकांनीही असाच कागद केला होता.

"तो कागद खोटा होता, कुंदे."

"आपला खरा आहे ना," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले होते. आता प्रश्न येणार म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी हात पदराला पुसले, माझ्याकडून पेन घेतलं आणि सही केली. सौ. वत्सला दिघे. अक्षर नेहमीसारखंच, फळ्यावरचं.

निवेदन द्यायला एक आठवडा होता. मधे आम्ही दोघं उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेलो. वत्सलाताई दर हिवाळ्यात ताईंना पार्सल पाठवायच्या, त्यावरचा पत्ता मला पाठ झाला होता. मी त्यांना विचारलं होतं, ताईंना काही द्यायचंय का, तर घाईघाईनं नको म्हणाल्या. शहाणी बाई तिथेच थांबली असती. मी ह्यांना देवळापाशी बसवलं आणि आदर्श जावेला बघायला एकटी गेले.

दार एका बारीक चणीच्या, धाप लागलेल्या बाईनं उघडलं. सुशीलाबाई. भोपाळहून आले, वत्सलाताईंची मैत्रीण, म्हटल्यावर त्यांनी बसवून घेतलं आणि पोहे केले. समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. मुंडावळ्या बांधलेल्या सुशीलाबाई, आणि शेजारी विशीतले, मिशी नसलेले आमच्या वसाहतीतले दिघेसाहेब. मी विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, "हे आमचे." मग विचारलं, वत्सला बरी आहे ना, खोकला होता तिला. मी काय उत्तर दिलं आठवत नाही. पोहे अर्धे टाकून उठले.

येताना गाडीत मनात सुशीलाबाईंचं दुःख मीच रचत होते, संवादांसकट. ज्या बाईला मी जेमतेम पंधरा मिनिटं पाहिलं, जिला एक धड प्रश्न विचारला नाही, तिच्यासाठी मी न्याय करायला निघाले होते. आणि खरं सांगायचं तर नुसतं तिच्यासाठी नव्हे. मी पाच मिनिटं भाषण केलं होतं. माझं हसं झालं होतं, निदान माझ्या स्वतःपुढे.

दुसऱ्या दिवशी लाल पेन आणलं. वत्सलाताईंच्या सहीवर पट्टी धरून दोन रेघा मारल्या आणि समासात लिहिलं, 'या बाई पहिली पत्नी हयात असलेल्या गृहस्थाची दुसरी पत्नी असल्याने यांची सही रद्द.' पट्टी धरून! रेघ वाकडी नको, एवढी काळजी. आणि तो कागद तसाच कारखान्याच्या ऑफिसात देऊन आले.

पुढचं सगळं माझ्या अपेक्षेप्रमाणे झालं नाही. फोरमननं मेहुण्याला हाताशी धरून पहिल्या बायकोकडून लिहून घेतलं की माझी तक्रार नाही. तो सुखानं नोकरी करून रिटायर झाला, हार घालून घेतला. चौकशी लागली ती दिघेसाहेबांची. ऑफिसातल्या लोकांनाही ती नको होती. दिघे म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. वत्सलाताईंना बोलावून त्यांनी जवळजवळ उत्तर पढवलंच, की तुम्ही नात्यातल्या आहात, नोकरीसाठी त्यांच्याकडे राहता, असं म्हणा. ह्यांनी नंतर मला सांगितलं, वत्सलाताई म्हणाल्या, "खोटी सही एकदा केली. आता पुरे."

दिघेसाहेबांना राजीनामा द्यावा लागला. क्वार्टर गेलं. ते उज्जैनला परत गेले. वत्सलाताईंची कॉलेजची नोकरी कशीबशी टिकली, म्हणून त्या भोपाळातच एका भाड्याच्या खोलीत राहिल्या. ह्यांनी माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू चूक काय लिहिलंस, असं मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण तू ते लिहायला नको होतंस." मी कायदा सांगितला. ह्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

मंडळानं ठराव करून क्लास बंद केला. मी किल्ली घेऊन हॉलच्या दारात उभी होते, तेव्हा वत्सलाताई आल्या. मला वाटलं, भांडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी नोट्सचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "परीक्षा मार्चात आहे. तिसरं प्रकरण तू कच्चं ठेवलंयस." निघाल्या, मग दोन पावलं मागे आल्या. "मी भोळी नव्हते, कुंदे. कोणी फसवलं नाही मला. चूक समजून उमजून केली. पण तू मला विचारलं असतंस तर मी तुला सांगितलं असतं."

त्याच नोट्सवर मी बी.ए. झाले. थर्ड क्लास. कमलच्या नवऱ्यानं, असल्या बाईच्या कागदांना हात लावायचा नाही, म्हणून तिच्या प्रती परत पाठवल्या. तिचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. आज ती अवधपुरीत माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहते. कुठलाही फॉर्म भरायचा असला की शिक्षणाच्या रकान्यात ती अजून 'बी.ए. द्वितीय वर्ष' असं लिहिते. एकदा बँकेत मी शेजारी उभी होते. तिनं लिहिलं आणि रकान्यावर तळहात ठेवला, मला दिसू नये म्हणून. माझ्यासमोर तिला लाज वाटावी, यापरतं काय.

दहाएक वर्षांनी न्यू मार्केटच्या बसस्टॉपवर वत्सलाताई भेटल्या. केस पांढरे झालेले, निऱ्या तशाच. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच विचारलं, "पास झालीस?" सांगितलं. "तिसरं प्रकरण?" तेच आलं होतं, मी म्हटलं. त्या मोठ्यानं हसल्या. मी काही बोलणार तोच मिनीबस आली, कंडक्टरनं आम्हाला आत ढकललं, आणि सगळ्या गर्दीत मला एवढंच म्हणता आलं की पातळ छान आहे.

दिघेसाहेब उज्जैनलाच वारले. मूलबाळ दोघींनाही नव्हतं. वर्ष झाल्यावर वत्सलाताई उज्जैनला गेल्या आणि सुशीलाबाईंना भोपाळला घेऊन आल्या. बाग सेवनियात त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. दारावर पाटी लावली, त्यावर दोघींची नावं, सुशीलाबाईंचं वर. मंडळाला चघळायला तेवढं वर्षभर पुरलं. मी सभेत उठून काही बोलले नाही. तेवढी अक्कल आली होती.

त्या घरी मी एकदा गेले, ठरवून, वाक्यं पाठ करून. दोघी फोडणीत हिंग किती, यावर भांडत होत्या. सुशीलाबाई म्हणत होत्या, हिला इतिहास शिकवता येतो, आमटी नाही. वत्सलाताई म्हणत होत्या, ताईंना वास येत नाही, म्हणून शेजाऱ्यांना शिक्षा. मला चहा दिला, लाडू दिला. मी कपाशी खेळत बसले. वत्सलाताईंनी डोळे मिटले, मी एक अक्षर बोलले नव्हते तरी. मग उघडले आणि म्हणाल्या, "तू काहीतरी बोलायला आली आहेस. आज नको. आज ताईंचा उपास आहे, त्या कोणाचंच ऐकून घेत नाहीत." दोघी हसल्या. मीही हसले, आणि सुटका झाली म्हणून चक्क आनंदात घरी आले. पुढच्या वेळी, म्हटलं. सहा किलोमीटरवर पुढची वेळ होती, रिक्षानं वीस मिनिटं. अठरा वर्षं मला ती सापडली नाही.

गेल्या माघात वत्सलाताई गेल्या. साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळात चार दिवस होत्या, मला पाचव्या दिवशी कळलं. तेराव्यानंतर मी बाग सेवनियाला गेले. सुशीलाबाई नव्वदीला आलेल्या, खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. दम्यानं आयुष्यभर छळलं आणि शेवटी तीच बाई मागे राहिली. मी त्यांच्याजवळ ठेवलेल्या कामाच्या मुलीला बाहेर थांबायला सांगितलं आणि सगळं बोलून टाकलं. उज्जैनचे पोहे, लाल पेन, पट्टी, समासातलं वाक्य. म्हटलं, ज्यांची माफी मागायची त्या गेल्या, तुमच्यावर अन्याय झाला असं समजून केलं होतं, आणि तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. वत्सलाताईंच्या वाट्याची माफी तुमच्याकडे मागते.

त्यांनी श्वास जमेपर्यंत मला थांबवून ठेवलं. मग थांबत थांबत बोलल्या. ते मी घरी येऊन लगेच लिहून ठेवलं, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

"तुमच्या कागदाचं मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी देवापुढे साखर ठेवली. तिचं संपलं, आता हे घरी येतील म्हणून. आले. सोळा वर्षं माझ्यासमोर बसून जेवले आणि एक दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. मग हिनं मला इथं आणलं, माझं सगळं केलं, आणि मी तिला त्या साखरेचं शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्ही निदान माझ्याकडे आलात. मी कुणाकडे जाऊ?"